इंग्रजी ‘इन्व्हेड’ला तुर्कीत एकच शब्द का पुरत नाही?

कागदी होडी

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं झाली, आम्ही तुर्कस्तानात इझमीरला आहोत. नवऱ्याची नोकरी इथे आहे. मी एका भाषावर्गात तुर्की शिकते. बाजार, बँक, शेजारपाजार आता तुर्कीतच निभावतं, पण भाषांतराला बसलं की अजून पाय अडखळतात.

परवा बाईंनी इंग्रजीतून तुर्कीत करायला सात वाक्यं दिली. सातही वाक्यांत क्रियापद एकच, इन्व्हेड. मंगोलांनी अनातोलिया (आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग) ‘इन्व्हेड’ केला. अमेरिकेने २००३ मध्ये इराक. दोस्त सैन्याने नॉर्मंडी. मुंग्यांनी स्वयंपाकघर. उन्हाळ्यात पर्यटकांनी चेश्मे (हे इथून जवळचं समुद्रकाठचं गाव). छायाचित्रकाराने एका नटीचं खाजगी आयुष्य. आणि शेवटी, कर्करोगाच्या पेशींनी शेजारचं निरोगी ऊतक.

शब्दकोशात पहिला अर्थ होता ‘इश्गाल एत्मेक’. यातलं एत्मेक म्हणजे आपलं ‘करणे’. नामाला ‘करणे’ जोडून क्रियापद बनवायची सोय आपल्यासारखीच, म्हणून मी खुशीत सातही ठिकाणी इश्गाल लावला. वही परत आली तेव्हा सहा वाक्यांखाली तांबडी रेघ होती. बरोबर आलं ते फक्त इराकचं.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. इथे वयस्क बाईला तेयझे म्हणतात, म्हणजे मावशी. त्यांना मुंग्यांचं वाक्य वाचून दाखवलं, तर त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या, माझा हात धरला आणि सावकाश म्हणाल्या, “मुत्फाई करिंजा बास्ती.” स्वयंपाकघर मुंग्यांनी ‘बास्ती’. बास्माक या क्रियापदाचा पहिला अर्थ पाय ठेवणे, तुडवणे, दाबणे. बेलचं बटण दाबतात तेही बास्माक. घरात पुराचं पाणी शिरलं की ‘सू बास्ती’. पोलिसांची धाड पडली तरी तेच, आणि त्या धाडीला बास्किन म्हणतात.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. इथे तुर्की, फारसी, उर्दू जाणणारे आहेत, इतिहासवाले आहेत. सातही वाक्यांना तुम्ही मराठीत काय म्हणाल? मला वाटतं, मराठीतून गेले तर तुर्की लवकर सापडेल.

(तुर्की उच्चार देवनागरीत अंदाजे आहेत. बास्तीतला शेवटचा स्वर आपला ई नाही. ओठ न ताणता, जीभ मागे घेऊन म्हणायचा.)

तिसरी घंटा

छान धागा. मी उपशीर्षकांचं काम करते, तुर्की मालिकांवरही केलं आहे, त्यामुळे या शब्दांशी रोजची झटापट असते.

आधी विभक्ती बघ, अर्धा गुंता तिथेच सुटतो. इश्गाल एत्मेकला द्वितीया लागते: ‘उल्केयि इश्गाल एत्ति’, देश व्यापला. साल्दिर्माक, म्हणजे हल्ला करणे, याला चतुर्थी लागते: ‘उल्केये साल्दिर्दि’, देशावर चालून गेला. मराठीतही तसंच आहे. देश बळकावला, पादाक्रांत केला, व्यापला म्हटलं की देश हातात आला. देश‘वर’ चाल केली, स्वारी केली म्हटलं की अजून काही ठरलेलं नाही, परतावंही लागेल. इंग्रजी क्रियापद हे सांगतच नाही. आत घुसला एवढंच सांगतं. राहिला की हाकलला गेला, ते पुढच्या वाक्यात कळतं.

म्हणून घुसले पण टिकले नाहीत अशा जागी इश्गाल चुकतो. तिथे ‘इश्गाल एत्मेये काल्किश्ती’, व्यापायला निघाले, असं काहीतरी करावं लागतं.

नॉर्मंडीला तुर्कीत ठरलेला शब्द आहे, चिकार्मा. चिकार्माक म्हणजे बाहेर काढणे. जहाजातून सैन्य किनाऱ्यावर काढलं, म्हणून चिकार्मा. २५ एप्रिल १९१५ ला गेलिबोलूच्या (इंग्रजीत गॅलिपोली) किनाऱ्यावर इंग्रज, फ्रेंच, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे सैनिक उतरले, तीही चिकार्माच. जानेवारी १९१६ पर्यंत ते सगळे परत गेले, तेव्हा तिथे इश्गाल म्हणायचा प्रश्नच येत नाही. शाळेतल्या गणितात वजाबाकीलाही चिकार्मा म्हणतात. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थबकलेच होते.

पर्यटकांसाठी ‘आकिन एत्मेक’. आकिन म्हणजे लोंढा. लोक चेश्मेला आकिन करतात, सवलतीचे कपडे असतील तर दुकानाला आकिन करतात. माश्या गुळावर जमतात त्याला मात्र युश्युश्मेक. आपलं ‘घोंगावणे’ किंवा ‘तुटून पडणे’ तिथे बसेल.

बखरवाचक

आकिन वाचून हात शिवशिवले.

उस्मानी (ऑटोमन) फौजेत आकिंजी नावाचे हलके घोडेस्वार असत. मुख्य सैन्याच्या पुढे बाल्कनमध्ये घुसायचं, मुलूख लुटायचा, शत्रूला हैराण करायचं आणि माघारी यायचं, हे त्यांचं काम. आपल्याकडे याला मुलूखगिरी म्हणत. आज त्याच शब्दाने समुद्रकाठी गर्दी करणारे पर्यटक सांगितले जातात, इतका तो शब्द निवळला.

मराठीचं बघायचं तर आपल्याकडे या एका इंग्रजी शब्दासाठी निदान दहा शब्द आहेत आणि प्रत्येकाला स्वतःची बाजू आहे. शत्रू आला की ‘परचक्र’. आपण गेलो की ‘स्वारी’ किंवा ‘मोहीम’. रात्री अवचित गेलो की ‘छापा’ किंवा ‘घाला’. शत्रू रात्री आला तर मात्र ‘दगा’. जुनी कागदपत्रं वाचताना कर्त्याचं नाव पुसलं असलं तरी क्रियापदावरून लिहिणारा कोणत्या छावणीतला ते कळतं.

यातलं मला सगळ्यात बोचलेलं उदाहरण आपलंच आहे. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. ‘अटकेपार झेंडे’ हे आपण आजही मुलांच्या कौतुकात वापरतो. त्याच्या आधी, १७४२ ते १७५१ या काळात, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये पुन्हा पुन्हा जात होत्या. आपल्या पुस्तकांत त्या बंगालच्या स्वाऱ्या आहेत. बंगालीत त्याच वर्षांना ‘बर्गीर हांगामा’ म्हणतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा शिपाई. तिकडे बाळाला झोपवताना म्हणायच्या अंगाईत बर्गी आल्याची भीती आहे. मी कोलकात्याला नोकरीत असताना घरमालकिणीने ती नातवाला म्हटली. मग मी कुठला हे आठवून ती मधेच थांबली. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना पुढे म्हणायला सांगितलं.

तेव्हा होडीताई, तुमच्या बाईंनी मंगोलांच्या वाक्याला काय सुचवलं ते जरूर लिहा. १२४३ मध्ये कोसेदागच्या लढाईत तिथल्या सेल्जुक सुलतानांचा पाडाव झाला आणि अनातोलिया मंगोलांच्या हाताखाली गेला. ते तर राहिले होते. तरी इश्गाल का चालत नाही?

कागदी होडी

बखरवाचक, बाईंनी तिथे ‘इस्तिला एत्मेक’ लिहिलं आहे. विचारल्यावर त्या म्हणाल्या, इश्गाल करायला एखादं सरकार लागतं. एक राज्य दुसऱ्या राज्याची जमीन घेऊन बसतं, तिथे आपले अधिकारी नेमतं, तो इश्गाल. इस्तिला पुरासारखा येतो. मंगोल इस्तिला करतात, टोळ इस्तिला करतात, चित्रपटात परग्रहावरचे लोक इस्तिला करतात. कर्करोगाच्या पेशीही इस्तिलाच करतात.

आणखी एक गंमत इथल्या रस्त्यावरची. दुकानाने खुर्च्या-टेबलं फुटपाथवर मांडली तर त्यालाही ‘काल्दिरिम इश्गाली’ म्हणतात, फुटपाथचा इश्गाल. नगरपालिका त्याबद्दल शुल्क घेते, त्याचं नाव इश्गालिये. आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याने परवा चार तिवया आत ओढून घेतल्या, तेव्हा हा शब्द त्याच्याच तोंडून ऐकला. आपल्याकडे याला ‘अतिक्रमण’ म्हणतात हे लगेच आठवलं.

मोगरा ७२

मी निवृत्त शिक्षिका, छत्रपती संभाजीनगरला असते. फारसी आणि उर्दू शिकवण्यात हयात गेली. तुर्की मला येत नाही, पण यातले बरेच शब्द अरबीतून गेलेले, म्हणजे माझ्या ओळखीचे. होडी, तुझ्या ‘अतिक्रमणा’पासूनच सुरू करते बाळ.

संस्कृत क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. आक्रमण, अतिक्रमण, संक्रमण, पराक्रम, सगळी एकाच पावलाची लेकरं. इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला. ‘इन्’ म्हणजे आत आणि ‘वादेरे’ म्हणजे जाणे, चालणे. तुझ्या तेयझेंचं बास्माक म्हणजे पाय ठेवणे. तीन भाषांनी तीन ठिकाणी बसून घुसखोरीची कल्पना पायाने केली आहे. शब्दकोशाने तुला इश्गाल दिला. आजींनी मात्र असा शब्द दिला की तो आपल्या आक्रमणाचा सख्खा भाऊ शोभेल.

आता अरबी घराणं. इश्गाल ज्या धातूतून आला त्यातूनच मशगूल आला. मूल खेळात मशगूल असतं, म्हणजे खेळाने त्याला व्यापलेलं असतं. तुर्कीत फोन लागला नाही तर ‘मेश्गुल’ म्हणतात ना? तेच ते. जागा गुंतवून ठेवणे हा इश्गालचा गाभा आहे. म्हणून देशालाही चालतो आणि फुटपाथलाही.

इस्तिलाचं मूळ वेगळं. त्याच धातूतून वली, म्हणजे पालक, रक्षणकर्ता. वाली म्हणजे सुभेदार. ‘त्याला कोणी वाली नाही’ हे मराठी वाक्य आपण रोज बोलतो. विलायत म्हणजे वालीच्या ताब्यातला मुलूख. पुढे आपल्याकडे विलायत म्हणजे इंग्रजांचा देश झाला. इस्तिला म्हणजे दुसऱ्याच्या मुलखाचं वालीपण बळाने घेणं. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या देशाला आपण दिलेलं नाव याच घराण्यातलं आहे.

आणखी थोडे शब्द. आपली मोहीम आणि तुर्कीतला म्युहिम एकच. तिकडे तो फक्त ‘महत्त्वाचा’ या अर्थी उरला, आपल्याकडे महत्त्वाचं काम म्हणजे लढाईवर जाणं झालं. आपला हमला तुर्कीत हाम्ले, बुद्धिबळातल्या चालीलाही हाम्ले म्हणतात. हमाल त्याचाच भाऊ. आपला गनीम आणि तुर्की गानिमेत, म्हणजे लूट, एका मुळाचे. फेतिह म्हणजे उघडणे, मग किल्ला उघडला म्हणून विजय, आपली फत्ते. आणि स्वयंपाकघराला जो मुत्फाक म्हणतात, तो अरबी मतबख. पेशव्यांच्या वाड्यातला मुदपाकखाना आठव. मुंग्यांनी मुत्फाक तुडवला, म्हणजे आपला मुदपाकखानाच तुडवला म्हण.

एक सावधगिरी. शब्दकोशात कदाचित तेजावुझ एत्मेक असाही पर्याय दिसेल. मूळ अर्थ हद्द ओलांडणे, आणि जमिनीवरच्या अतिक्रमणाच्या कायदेशीर भाषेत तो अजून आहे. पण माझी एक विद्यार्थिनी अंकाराला होती, तिने सांगितलं की आज बोलण्यात त्याचा पहिला अर्थ बलात्कार असा होतो. चुकूनही देशाच्या किंवा खाजगी आयुष्याच्या वाक्यात घालू नकोस.

तिसरी घंटा

मोगराताई, नमस्कार. तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला.

तेजावुझबद्दल शंभर टक्के खरं. नटीच्या वाक्याला ‘इहलाल एत्मेक’ येईल. तुर्की दंडसंहितेत खाजगी आयुष्याच्या गोपनीयतेचा भंग हा गुन्हा आहे आणि तिथेही शब्द इहलालच आहे. परवानगीशिवाय कोणाच्या घरात घुसणं त्यालाही इहलाल. लाल सिग्नल तोडणं तेही इहलाल. आपला ‘भंग’ चपखल बसतो: शांतताभंग, नियमभंग, हक्कभंग.

मोगरा ७२

इहलाल म्हणजे खलल, व्यत्यय पाडणे. तुर्कीत राज्यक्रांतीला जो इह्तिलाल म्हणतात, तोही याच धातूचा. गंमत अशी की अरबी बातम्यांत जवळजवळ तसाच ऐकू येणारा एक शब्द सतत येतो आणि त्याचा अर्थ परकीय ताबा. दोन्हीतला ‘ह’ मुळात वेगळा आहे. तुर्की लिपीत फरक पुसला गेला, त्यामुळे अरबी जाणणारा माणूस तुर्की मथळा वाचताना फसतो.

रानवाट

मी वनस्पतींचा माणूस, म्हणून माझ्या शेतातलं बोलतो.

आपल्याकडे बाहेरून येऊन माजलेल्या जातींना ‘आक्रमक’ किंवा ‘उपद्रवी’ म्हणतात. घाणेरी, गाजरगवत, जलपर्णी. तुर्कीत ‘इस्तिलाजी त्युर’. बाईंनी पुराची उपमा दिली ती इथे नेमकी लागू पडते. जलपर्णीखाली गेलेली नदी ज्याने बघितली आहे त्याला वेगळं सांगायला नको. परवा पुलावर उभा होतो, खाली पाणी दिसतच नव्हतं. बगळा पानांवरून चालत पलीकडे गेला.

तुर्कस्तानच्या समुद्रातलं उदाहरण मोठं आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातल्या जातींना भूमध्य समुद्राची वाट मोकळी झाली. ज्याने कालवा काढला त्या लेसेप्सच्या नावावरून शास्त्रज्ञ त्यांना लेसेप्सियन म्हणतात. त्यातला एक फुगणारा विषारी मासा, तुर्कीत बालोन बालिई. याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असतं, खाल्लं तर माणूस दगावतो, आणि दात इतके बळकट की जाळी कुरतडतो. तिथलं सरकार हे मासे पकडून शेपट्या आणून देणाऱ्या कोळ्यांना पैसे देतं. होडीताई, इझमीरच्या मासळीबाजारात विचारून बघा, कोळी त्याला कोणत्या क्रियापदाने शिव्या देतात!

टोळांबद्दल एक. मराठीत आपण ‘टोळधाड’ म्हणतो. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळ आले, तेव्हा काटोलच्या बाजूचे संत्रेवाले थाळ्या वाजवत बागेत धावत होते. धाड म्हणजे बास्किन. तुर्कीत टोळांना इस्तिला म्हणतात हे वरून कळलं. आपला शब्द जास्त अचूक आहे असं माझं मत. टोळ राहत नाहीत. येतात, खातात, उडून जातात.

सुईदोरा

शल्यचिकित्सक. पेशींच्या वाक्याबद्दल थोडं. तुर्की डॉक्टर लोकही आपल्यासारखेच ‘इन्व्हाझिव्ह’ असं सरळ म्हणतात. मी रुग्णाच्या नातेवाइकांना ‘गाठ शेजारच्या भागात शिरली आहे’ असं सांगतो. आक्रमण म्हटलं की समोरची बाई लढाई हरल्यासारखी खाली बघते. ‘शिरली’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारते: कुठपर्यंत?

पणजीकार

बखरवाचकांनी बाजू काढली, म्हणून आमच्या गोंयचं सांगतो.

१८ आणि १९ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात आलं, ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. आमच्यासाठी ती मुक्ती, तारखाही ‘मुक्तीआधी, मुक्तीनंतर’ अशाच सांगतात. लिस्बनच्या लेखी तेव्हा ती इन्व्हाझांव होती. ३१ डिसेंबर १९७४ ला पोर्तुगालने करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

आणि १९७४ हेच सायप्रसचं वर्ष. १५ जुलैला ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने तिथे राष्ट्राध्यक्ष माकारिओस यांच्याविरुद्ध उठाव झाला. २० जुलैला तुर्की फौजा उत्तर किनाऱ्यावर उतरल्या. इंग्रजी पुस्तकांत तेच क्रियापद, ग्रीकमध्ये इस्वोली, म्हणजे आक्रमणच. तुर्कीत काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण होडीताईंनी सांगावं.

कागदी होडी

‘किब्रिस बारिश हारेक्याती’. सायप्रस शांतता कारवाई. बारिश म्हणजे शांतता. हे वाक्य इश्गाल लावून कोणी तुर्कीत लिहिलं, तर इथे लगेच वाद सुरू होतो. तेव्हाचे पंतप्रधान बुलेंत एजेवित. ते स्वतः कवी होते आणि त्यांनी टागोरांच्या कविता तुर्कीत आणल्या होत्या. सायप्रसची राजधानी निकोसिया आजही दोन भागांत विभागलेली आहे.

आणि ज्या शहरात मी राहते तिथलं बघा. १५ मे १९१९ ला ग्रीक फौज इझमीरला उतरली. तुर्कीत तो इझमीरचा इश्गाल. कोनाक चौकात हसन तहसीन या पत्रकाराचा पुतळा आहे, पहिली गोळी त्याने झाडली असं सांगतात. ९ सप्टेंबर १९२२ ला तुर्की फौज शहरात आली, तो कुर्तुलुश, सुटका. ग्रीक लोक त्याच दिवसांना आशिया मायनरचा महाविनाश म्हणतात. १४५३ चं इस्तंबूल तुर्कीत फेतिह, ग्रीकमध्ये आलोसी, म्हणजे पाडाव. चौकातून भाजी घेऊन येताना आता मी पुतळ्यापाशी क्षणभर थांबते.

सरळमार्गी

म्हणजे शेवटी सगळं सापेक्ष, असंच ना? मग शब्दांवर एवढा खल कशाला?

बखरवाचक

सापेक्ष अजिबात नाही. फौज सीमा ओलांडून गेली की नाही, राहिली की परतली, किती माणसं मेली, हे ठरलेलं असतं. भाषांतरकाराने तेवढं जपायचं आणि मूळ लेखक कोणाच्या बाजूने बोलतो आहे तेही लपवायचं नाही. तुर्की लेखकाने ‘शांतता कारवाई’ लिहिलं असेल तर मराठीत ‘आक्रमण’ करून टाकणं हा खोटेपणा. ग्रीक लेखकाने आक्रमण लिहिलं असेल तर त्याची ‘कारवाई’ करणं तितकाच खोटेपणा.

माणगंगा

बरेच दिवस वाचनमात्र होतो. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी शिळा बसवलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी बसवल्या, त्यांतली. मजकूर एवढाच, की या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. लहानपणी आम्ही तिच्याखाली गोट्या खेळायचो. आकडा आता झिजून गेला आहे, बोटाने चाचपडलं तरी कळत नाही. शब्द वाचता येतात.

ते लोक कुठे गेले हे मोठेपणी वाचलं. ६ नोव्हेंबर १९१४ ला मेसोपोटेमियात, म्हणजे तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेल्या इराकमध्ये, फाओच्या किनाऱ्यावर जी फौज उतरली ती सहावी पुणे डिव्हिजन. नावच पुण्याचं. बसरा घेतलं, मग तैग्रिसच्या काठाने बगदादच्या दिशेने वर गेले. त्यात मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या. बगदादच्या अलीकडे त्यांना अडवलं, मागे रेटलं, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत अल अमारा गावात ते वेढ्यात सापडले. जवळजवळ पाच महिने. अन्न संपलं, घोडे मारून खाल्ले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण तुर्कांच्या स्वाधीन झाले. बरेचसे कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत गेले.

मला विचारायचं आहे ते हे. तुर्की पुस्तकात आमची ही माणसं कोणत्या क्रियापदाची कर्ता आहेत? आमच्या घरात कोणी त्यांना आक्रमक म्हटलं नाही. शेतं पिकत नव्हती, पगार मिळत होता, म्हणून भरती झाली. पण त्या नदीकाठच्या माणसाला दारात उभा राहिलेला बंदूकवाला शिपाई कसा दिसला असेल, हे मी आधी कधी मनात आणलं नव्हतं.

मोगरा ७२

माणगंगा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लॅटिनमधलं ते ‘वादेरे’ म्हणजे जाणे, हे मी वर लिहिलं होतं. तुमच्या शिळेवरचं क्रियापदही ‘गेले’ हेच आहे.

कागदी होडी

उशिरा उत्तर देते आहे, वर्ग मधे बंद होता.

आधी हिशेब. मंगोलांना इस्तिला, इराकला इश्गाल, नॉर्मंडीला चिकार्मा, मुंग्यांना बास्माक, पर्यटकांना आकिन, नटीला इहलाल. पेशींना बाईंनी इस्तिला ठेवला. पण सुईदोरांचं ‘शिरली’ सांगितल्यावर त्यांनी बाजूला ‘यायिल्माक’ लिहिलं, पसरणे. म्हणाल्या, माझ्या आईच्या डॉक्टरांनी हाच शब्द वापरला होता.

रानवाट, मासळीबाजारात विचारलं. कोळ्याने क्रियापद वापरलंच नाही. फाटकं जाळं उचलून दाखवलं.

मग माणगंगांचा प्रश्न मी आठवं वाक्य म्हणून वर्गात नेला. ‘सहाव्या पुणे डिव्हिजनने मेसोपोटेमिया इन्व्हेड केला.’ बाई फळ्यापाशी खडू धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. कुतचा वेढा इथे शाळेत विजय म्हणून शिकवतात, तो त्यांना पाठ होता. समोरच्या फौजेत मराठी बोलणारे होते हे त्यांना आत्ता कळलं. बसऱ्याला त्यांनी इश्गाल लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, हे बदलता येणार नाही. मी म्हटलं, बदलायचं नाहीच. कुतला ‘कुशातिल्दी’ लिहिलं, वेढले गेले.

मग मी चावडीच्या शिळेबद्दल सांगितलं. त्यांनी ते वाक्यही मागितलं. मी मराठीतून थेट केलं: ‘बु क्योयदेन सावाशा गित्तिलेर’, या गावातून युद्धाला गेले. गित्मेक म्हणजे जाणे. बाईंनी विचारलं, किती जण? मी म्हटलं, आकडा झिजला आहे. त्यांनी आकड्यापुरती जागा कोरी सोडली आणि वाक्य फळ्यावर लिहिलं.